शिवेवरचा जावई

आमची रुग्णवाहिका कापसाकडे तोंड करून उभी असते. यात गंमत काही नाही, तहसीलदारांसमोर झालेला लेखी समझोता आहे. शेडमधून बाहेर बघितलं तर उजव्या हाताला साडेपाच किलोमीटरवर आसळदे, डाव्या हाताला साडेपाच किलोमीटरवर तोरवद, आणि मधे दोन्ही गावांच्या शिवेवर आमची पत्र्याची शेड. गाडीचं तोंड आसळद्याकडे केलं तर तोरवदवाले म्हणणार, बघा, धाव कुणाकडे आहे ते. तोरवदकडे केलं तर आसळदेवाले तेच म्हणणार. म्हणून गाडीने दोघांकडेही बघायचं नाही, समोरच्या शेतात बघायचं. फोन आला की आधी मागे घ्यायची, वळवायची आणि मग निघायचं. मी मोबाईलवर मोजलंय, पन्नास सेकंद जातात. श्वास अडकलेल्या माणसाला पन्नास सेकंद म्हणजे काय, हे त्या समझोत्यावर सह्या करणाऱ्या बावीस जणांना एकेकाला समोर बसवून सांगायची माझी तयारी आहे. अजून कुणी विचारलेलं नाही.

मी कामिनी, या गाडीवरची डॉक्टर. गाव कोरीट, पदवी आयुर्वेदाची, त्यावर तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण, आणि स्वभाव फटकळ. सकाळी आठपासून बारा तास मी, एक व्हेंटिलेटर, एक मॉनिटर, ऑक्सिजनचे दोन सिलिंडर आणि भटूभाऊ असे त्या शेडमध्ये बसून असतो. आठनंतर गाडी महामार्गावर जाते. तिथला ड्रायव्हर वेगळा, आणि तिथे कुणाचं गाव नसल्यामुळे भांडणही नाही.

हे लिहितेय ते भटूभाऊबद्दल. समोर मी त्यांना अहो-जाहो करते. लिहिताना मात्र तो एकेरीतच येतोय, घरच्या माणसासारखा, तर येऊ दे.

भटू पाटील, वय सत्तेचाळीस, उंच आणि किडकिडीत. खांद्यावर कायम एक फडकं. त्याने तो आधी गाडीची काच पुसतो आणि मग तोंड. मी ओरडले की दुसऱ्या दिवशी आधी तोंड पुसतो आणि मग काच. आमच्याकडे रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात. त्यावर तो पहिल्याच दिवशी मला म्हणाला होता, "नाव पायलटनं शे मॅडम, पन माले शिववरथीन हालू देतस नही." मी तेव्हा हसले होते. सहा वर्षांनी त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे हे मला कळलंय, आणि आता हसू येत नाही.

तर झालं असं. दहा वर्षांपूर्वी ही मोठी गाडी या भागाला मंजूर झाली. मोठी म्हणजे डॉक्टर आणि यंत्रं असलेली. नुसतं उचलून नेणारी जीप दोन्ही गावांकडे होती, तिच्यावरून कधी वाद झाला नाही. या गाडीच्या कागदावर मात्र दोन्ही गावांची नावं होती. आधी ठरलं, पंधरा दिवस आसळद्यात, पंधरा दिवस तोरवदला. पण गाडी न्यायला आलेली माणसं बँड घेऊन यायची, नारळ फोडायची, बॉनेटला हार घालायची. अशाच एका मिरवणुकीत गाडी दीड तास अडकली आणि तेवढ्यात एका म्हाताऱ्याला फिट्स आल्या, त्याला ट्रॅक्टरने न्यावं लागलं. मग शीव ठरली, शेड ठरली, गाडीचं तोंड ठरलं. राहिला ड्रायव्हर.

पहिला आसळद्याचा होता. तोरवदला रस्त्यात त्याच्या चाकांची हवा सुटायची. दुसरा तोरवदचा, त्याचं आसळद्यात तेच व्हायचं. तिसरा धुळ्याकडचा, कुणाचाच नव्हता, तर त्याला दोन्हीकडे कुणी खोली दिली नाही. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की केळीच्या ट्रकवर दिल्लीपर्यंत जाऊन येणारा भटू पाटील आसळद्याचा मुलगा आहे आणि तोरवदचा जावई. आसळदे आपल्या पोराला अडवणार नाही आणि तोरवद जावयाचा अपमान करणार नाही. हिशोब अगदी बरोबर निघाला. त्या दिवसापासून नऊ वर्षं भटूभाऊ शिवेवर आहे, आणि दोन्ही गावांच्या मते तो दुसऱ्या गावाचा माणूस आहे.

गाडी चालवावी तर त्यानेच. तो हॉर्न फार वाजवत नाही. वळणाआधी "धरज्यात मॅडम" एवढं म्हणतो आणि मी धरते. गेल्या पावसाळ्यात केळीच्या बागेत रेवजी नावाच्या मजुराच्या बायकोला घोणस चावली. रेवजी मणिबेलीकडचा, त्याच्या बापाचं शेत धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हापासून हे लोक आमच्या भागात मजुरीला असतात. बागेत जायला रस्ता नव्हता. भटूभाऊने ती एवढी मोठी गाडी पाटाच्या बांधावरून उलटी नेली, कारण आत वळवायला जागा मिळणार नव्हती. वेळेत पोचलो, इंजेक्शन मिळालं, बाई जगली. रेवजीने गाडीचं तोंड कुणीकडे होतं हे विचारलं नाही. तो आपला भटूभाऊचा हात धरून उभा राहिला. गाडी आपल्या बापाची नाही हे ज्याला माहीत असतं, त्याला ती आल्याचा आनंद तरी होतो.

आता मुख्य गोष्ट. भटूभाऊला ही गाडी सोडायची आहे. तीन वर्षं त्याच्या मनात दुसरं काही नाही, आणि त्याचं कारण प्रमिलाबाई.

प्रमिलाबाई म्हणजे त्याची बायको, तोरवदची मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना छातीत दुखायला लागलं. फोन आला तेव्हा आम्ही नऊ मिनिटांत दारात होतो. मी यंत्र लावलं, सरळ रेघ. हात गार पडले होते, म्हणजे फोन करायच्या बऱ्याच आधी सगळं संपलं होतं. हे मी तिथेच तिचा भाऊ हेमराज याला समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण त्याच्या डोक्यात ते गेलं नाही. बापाच्या उत्तरकार्याला, सगळ्या भाऊबंदांच्या पंगतीत, बापाच्या फोटोला हात लावून तो म्हणाला, "गाडीनं तोंड आमनाकडे ऱ्हातं त मन्हा बाप वाचता. जोपावत जवाई त्या गाडीवर शे, तोपावत मन्ही बहीण मन्हा दारमा नको. गाडी सोडतीन, त्या दिन मी स्वतः लेवाले येसू."

दुःखात माणूस काहीही बोलतो. पण फोटोला हात लावून चारशे माणसांत बोललं की ते दुःखातलं राहत नाही, ती जबान होते. खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. अक्षय तृतीयेला लग्न झालेली मुलगी, मग ती पन्नाशीची का असेना, माहेरी जाणार, झोक्यावर बसणार, गाणी म्हणणार. भाऊ न्यायला येतो. प्रमिलाबाईला तीन आखाज्या कुणी न्यायला आलेलं नाही. दुपारी ती आसळद्याहून भटूभाऊचा डबा घेऊन येते, शेडच्या आसळद्याकडच्या अंगाला उभी राहते आणि तोरवदच्या रस्त्याकडे बघते. पुढे पाऊल टाकत नाही. मी पहिल्या वर्षी विचारलं होतं, "काय बघताय?" म्हणाली, "काही नही, डबानी वाट देखी ऱ्हायनू." डबा तिच्या हातातच होता.

तुम्ही म्हणाल, मग सोडून द्यावी ना गाडी. सोडली होती. सासऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या आधी त्याने राजीनामा दिला. बाहेरचा ड्रायव्हर आला. नवव्या दिवशी आसळद्याच्या काही जणांनी त्याला तोरवदला चहा पिताना बघितलं आणि संतापून रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या. नंदुरबारला जायचा रस्ता आसळद्यावरूनच जातो. त्याच दुपारी तोरवदची एक बाळंतीण घेऊन आम्ही निघालो होतो, बाळ पायाळू होतं. काट्या उपसायला चाळीस मिनिटं लागली. बाळ गाडीतच झालं आणि रडलं नाही. मी त्या गाडीत होते. त्या दिवशी मी आसळद्याच्या चौकात उभी राहून जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता भटूभाऊ शेडमध्ये होता. कुणी बोलावलं नव्हतं. त्याने काच पुसली, डिझेल बघितलं आणि मला म्हणाला, "चला मॅडम, बसा." मी त्याला आत्तापर्यंत त्याबद्दल काही बोललेले नाही, पण त्या दिवशी मला त्याचे पाय धरावेसे वाटले होते.

गाडी चालवायचा ठेका असलेल्या कंपनीचे साहेब महिन्यातून एकदा येतात. त्यांना भटूभाऊने परत विचारलं. ते म्हणाले, "भटू, तुझ्या जागी दोन्ही गावांना चालेल असा एक माणूस दे. त्याच दिवशी तुला नंदुरबारला घेतो."

साहेब गेल्यावर भटूभाऊ समोरच्या कापसाकडे बघत बोटं मोजायला लागला. मग म्हणाला, "आसळदेना पोऱ्या आन् तोरवदना जवाई. इतलंच जोयजे."

"मग शोधा."

"कोठे शोधू? या गाडीमुळे नऊ वरीसमा दोन्ही गावमा एक बी सोयरीक नही व्हयनी." आणि जरा हसून, "मंग आपलेच जोडनी पडी."

मी सांगते, त्या दिवसापासून आमच्या गाडीत रुग्णसेवेबरोबर वधू-वर सूचक मंडळही सुरू झालं. आणि मीही त्यात होते, हे आधीच कबूल करते.

मुलगा लगेच मिळाला. आसळद्याचा पवन, सत्तावीस वर्षांचा, जड वाहनाचं लायसन्स, नंदुरबारच्या एका शाळेची बस चालवतो. व्यसन नाही, बोलायला गोड. शेती चार एकर, पण हल्ली मुली नोकरीवाला मागतात, त्यामुळे तीन ठिकाणांहून नकार आलेला. गाडीची नोकरी मिळेल म्हटल्यावर तो भटूभाऊला 'मामा' म्हणायला लागला. प्रश्न मुलीचा होता. तोरवदची, पवनच्या घराण्याशी जुळणारी, आणि जिचा बाप आसळद्याचं नाव काढल्यावर चप्पल उचलणार नाही अशी.

तो प्रश्न अनुसयाबाईने सोडवला. ही हेमराजची आणि प्रमिलाबाईची आई, वय सत्तर. गेली तीन वर्षं ती महिन्यातून दोनदा चक्कर आली म्हणून गाडी बोलावते. चक्कर वगैरे काही नसते, रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे. गाडीत झोपून ती डोक्यावरचा पदर सारखा करते आणि मला मोठ्याने विचारते, "डॉक्टरीन, प्रमिला कशी शे वं? बारीक ते नही व्हयनी?" सासूने जावयाशी समोरासमोर बोलायचं नसतं, म्हणून ती मला विचारते आणि पुढे बसलेला भटूभाऊही मलाच सांगतो, "मॅडम, त्यासले सांगा, बरी शे." मी मधे बसून सांगते, "बरी आहे." खोट्या फोनबद्दल मी तिला झापलं आहे, अगदी पोलिसांची भीती घातली आहे. तिने माझ्या हातावर थोपटलं आणि पंधरा दिवसांनी तिला पुन्हा चक्कर आली.

होळीनंतरच्या चकरेत भटूभाऊने माझ्यामार्फत पवनची गोष्ट काढली. म्हातारी ताडकन उठून बसली. "आमनी रोहिणी शे ना," ती म्हणाली.

रोहिणी म्हणजे हेमराजचीच मुलगी. चोवीस वर्षांची, लॅबचं शिक्षण झालेलं, तळोद्याला एका लॅबमध्ये कामाला, तिथेच मैत्रिणीबरोबर खोली करून राहते. प्रमिलाबाई तिची फुई, म्हणजे आत्या. लहानपणी ती फुईच्याच मांडीवर वाढलेली. मला वाटलं होतं, हेमराज ऐकताच उसळेल. तो उसळला नाही. आईने तीन दिवस जेवण सोडलं हे एक कारण. दुसरं मला नंतर कळलं. त्यालाही बहीण हवी होती. तीन वर्षं तो स्वतःच्या शब्दात अडकून बसला होता. शब्द मोडता येत नव्हता, पण पुरा करता येण्याजोगा होता. जावई गाडीवरून उतरला की झालं. पवन गाडीवर चढला की जावई उतरणार. सगळ्यांच्या अडचणी एका लग्नाने सुटत होत्या. इतकं सरळ गणित आम्हा सगळ्यांना दिसत होतं की कुणी दुसऱ्यांदा बघितलंच नाही.

मुलगी बघायचा कार्यक्रम कुठे करायचा यावर आठ दिवस गेले. पवनकडचे आधी तोरवदला जाणार नाहीत, हेमराज आसळद्यात पाय ठेवणार नाही, आणि मध्यस्थ म्हणून भटूभाऊ हवा, पण त्याला ड्युटी सोडून हलता येत नाही. शेवटी ठरलं, शेडमध्येच. चैत्रातली दुपार, पत्रा तापलेला. मी गाडीतला छोटा पंखा काढून लावला. सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या आसळद्याहून आल्या, सहा तोरवदहून, रंग वेगळे. प्रमिलाबाईने घरून पोहे करून आणले होते, भलं मोठं पातेलं. तिने नवी साडी नेसली होती. सकाळपासून तिने मला दोनदा विचारलं, आखाजीला किती दिवस राहिले. तिला ते माहीत होतं.

हेमराज आला. तीन वर्षांनी भाऊ-बहीण समोरासमोर. तिने पोह्यांची बशी पुढे केली. त्याने बशी घेतली, तिच्याकडे न बघता. पण घेतली. भटूभाऊ गाडीच्या दाराला टेकून उभा होता आणि फडक्याने हात पुसत होता, स्वच्छ हात.

रोहिणी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये आली होती. पवनचे काका नवनीत यांनी नाव, शिक्षण, स्वयंपाक असे नेहमीचे प्रश्न विचारले. तिने नीट उत्तरं दिली. पवन लाजून खुर्चीचा हात नखाने खरवडत होता. मग नवनीतकाका उदारपणे म्हणाले, "पोरी, तुले काही इचारनं व्हई त इचार."

सहसा मुली मान हलवतात. रोहिणीने पवनकडे बघितलं. "लगननंतर तुम्ही काय काम करशात?"

पवन खुलला. "भटूमामानी गाडी. पक्कं शे. साहेबनं सांगेल शे."

"मंग मी आठे डबा लई हुभी ऱ्हासू का? फुईसारखी?"

पंखा घरघरत होता. ती बापाकडे वळली. आवाज चढवला नाही तिने, उलट उतरवला. "आबा, फुईले घर आनाकरता माले धाडी ऱ्हायनात का तुम्ही?"

हेमराजच्या हातातला चमचा बशीतच राहिला.

मी सहा आठवडे या लग्नामागे होते. पत्रिका माझ्या मोबाईलवर होत्या, फोटो मीच पाठवले होते. मी शिकलेली बाई, चार बुकं जास्त वाचलेली, आणि मला हे एकदाही सुचलं नव्हतं की आसळद्याचा मुलगा आणि तोरवदचा जावई मिळाला की तोरवदची एक मुलगीही त्या शिवेवर उभी राहणार आहे. आम्ही भटूभाऊची जागा भरायला निघालो होतो. प्रमिलाबाईची जागा आपोआप भरली जात होती, ते कुणी बघितलं नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी मॉनिटरची वायर गुंडाळायला लागले, ती आधीच गुंडाळलेली होती.

रोहिणीच पुढे बोलली. "पोऱ्या माले पसंत शे. खोटं कसाले बोलू? पन गाडी नको. हाऊ त्या गाडीवर कधीच बसाव नही, अशी जबान कोणी देत व्हई, त मन्हं हो शे."

आमच्याकडे अशा वेळी मुलाचा शब्द चालत नाही, मुलाच्या बापाचाही नाही. शब्द मध्यस्थाचा. उद्या काही बिघडलं तर दोन्ही घरं त्याच्याच दारात येतात. सगळे भटूभाऊकडे बघायला लागले. पवनसुद्धा, आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता, कारण त्याला मुलगी हवी होती आणि मामाचं काय होणार हेही त्याला कळत होतं.

भटूभाऊने एकदा प्रमिलाबाईकडे पाहिलं. ती बश्या गोळा करत होती, वर बघत नव्हती. एकावर एक, एकावर एक, नऊ बश्या. मी मनातल्या मनात ओरडत होते, नाही म्हणा, थोडा वेळ मागा, घरी जाऊन विचार करतो म्हणा, काहीतरी म्हणा.

"दिन्ही," तो म्हणाला. "पवन या गाडीवर बसाव नही. मन्ही जबान शे."

नवनीतकाकांनी साखर वाटली. लोक उठले. खुर्च्या आपापल्या रंगाने आपापल्या टेम्पोत गेल्या. हेमराज सगळ्यात शेवटी निघाला. बहिणीसमोर येऊन उभा राहिला, तोंड उघडलं, आणि मला खरंच वाटलं की आता तो म्हणेल. फोटो गेला खड्ड्यात, चारशे माणसं गेली खड्ड्यात, चल घरी. त्याचे डोळे भरले होते.

"पोहा चांगला व्हतात," तो म्हणाला आणि गेला.

मग माझा तोल सुटला. राग हेमराजचा होता, त्या बावीस सह्यांचा होता, माझा स्वतःचा होता, पण समोर भटूभाऊ होता, त्यामुळे त्याच्यावर निघाला. "काय गरज होती तुम्हाला? तिला दुसरा मुलगा मिळाला असता, पवनला दुसरी मुलगी मिळाली असती. आता तोरवदची कोणतीही मुलगी हेच विचारणार. तुम्ही स्वतःच्या हाताने कुलूप लावलंत, कळतंय का? साठ वर्षांचे होईपर्यंत इथेच बसाल. आणि या बाईचं काय?"

त्याने सगळं ऐकून घेतलं. खाली बसला, गाडीच्या पायरीवर. "मॅडम," तो म्हणाला, "ती पोर बोलनी ना, त माले ती आठे हुभी दिखनी. डबा लई. मी काय करतू?"

प्रमिलाबाईने पातेलं खाली ठेवलं. नवऱ्याकडे आली. मला वाटलं ती भांडेल, आणि तिने भांडावं असं मला मनापासून वाटत होतं.

"तुम्ही नही देता जबान," ती म्हणाली, "त मी देती."

आणि मग ती रडली. तीन वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. भिंतीला नाही, नवऱ्याला नाही, गाडीच्या पांढऱ्या पत्र्याला कपाळ टेकवून रडली, नव्या साडीचा पदर तोंडात धरून. भटूभाऊ उठला, तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे त्याला ठरवता येईना, कारण मी तिथे होते. मी शेडच्या मागे गेले आणि मीही रडले. लिहायला कशाची लाज?

फोन वाजला तेव्हा चार वाजले असतील. मी डोळे पुसून घेतला. तोरवद, खालची आळी, दीड वर्षाचं पोर, अंगावर उकळतं दूध सांडलेलं. मी पत्ता ओरडून सांगितला आणि मागे चढले. भटूभाऊ मात्र हलला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्याला फोन आल्यावर उभा राहिलेला बघितला. तो बायकोकडे बघत होता.

प्रमिलाबाईने पदराने तोंड पुसलं आणि त्याला दाराकडे ढकललं, चांगलं जोरात.

"बेगीन जा," ती म्हणाली. "मन्हं माहेर शे ते."